अपघातात माणूस मेला, मग चालकाचं पुढे काय होतं?

अनवट

पुण्याची पोर्शे, वरळीची बीएमडब्ल्यू, कुर्ल्याची बेस्ट बस. दर वेळी आठवडाभर टपरीटपरीवर न्यायालय भरतं, फाशीच्या खालची शिक्षा कुणी सुनावत नाही, आणि पुढच्या आठवड्यात विषय बदलतो. त्या गलक्यात एक साधा प्रश्न राहून जातो. बेदरकार गाडी चालवून माणूस मारणाऱ्याला आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं?

मला समजलंय ते असं. भारतीय दंड संहितेत ३०४ अ हे कलम १८७० मध्ये आलं. हयगयीने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त २ वर्षं. तेव्हा रस्त्यावर टांगे आणि बैलगाड्या होत्या. पुढे मोटार आली, एक्स्प्रेसवे आला, आकडा दोनवरच राहिला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १०६(१) खाली तो ५ वर्षं झाला. गुन्हा मात्र आजही जामीनपात्र. म्हणजे कागदपत्रं आणि जामीनदार हजर असेल तर आरोपी त्याच दिवशी घरी जेवायला.

दुसऱ्या बाजूला सदोष मनुष्यवध. जुनं ३०४ भाग २, नवं १०५. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असूनही ते केलं, तर १० वर्षांपर्यंत. अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

आता प्रकरणं बघा.

वांद्र्याचा कार्टर रोड, १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. अॅलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ मेले, ८ जखमी. सत्र न्यायालयाने ३०४ अ लावून ६ महिने आणि ५ लाख दंड सुनावला. बोंब झाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ३०४ भाग २ खाली ३ वर्षं दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि वर म्हटलं की ही शिक्षा अपुरीच आहे, पण राज्य सरकारने वाढीसाठी अपीलच केलेलं नाही!

दिल्ली, जानेवारी १९९९. संजीव नंदाची बीएमडब्ल्यू, ६ मृत, त्यातले ३ पोलीस. आधी ५ वर्षं, उच्च न्यायालयात २, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३०४ भाग २ पुन्हा चढवलं पण शिक्षा 'भोगली तेवढी पुरे', सोबत ५० लाख रुपये आणि २ वर्षं समाजसेवा. मधल्या काळात सरकारी वकील आणि बचावाचा वकील संगनमत करताना छुप्या कॅमेऱ्यात सापडले होते, तो वेगळाच अध्याय.

सलमान खान, सप्टेंबर २००२. मे २०१५ मध्ये ५ वर्षं, डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष. गाडी तोच चालवत होता आणि प्यालेला होता हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, असा निकाल.

जाणकारांना माझा प्रश्न: कृत्य साधारण एकच, मग एकाला २ वर्षांचं कलम आणि दुसऱ्याला १० वर्षांचं, हे ठरतं कुठे?

---

सुसाट_पाटील

ठरतं खिशात. पुढचा प्रश्न.

---

रानवारा

+१ पाटील. पोर्शेवाल्या अल्पवयीन पोराची ३०० शब्दांचा निबंध लिहून सुटका होते तिथे कसली कलमं घेऊन बसलात. भर चौकात...

*(संपादक: प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. चौकात काय करावं यावर सूचना नकोत. ज्यांना कायद्यावर बोलायचं आहे त्यांच्यासाठी धागा आहे.)*

---

काळा_डगला

अनवट, धागा चांगला काढलात. सत्र न्यायालयात आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणात दोन्हीकडे वकिली करतो, म्हणून लांबण लागेल.

सगळा खेळ 'जाणीव' या एका गोष्टीवर आहे. हयगय म्हणजे काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही. सदोष मनुष्यवध म्हणजे यात कुणी मरेल हे कळत होतं, तरी केलं. आरोपीच्या डोक्यात शिरून तर पाहता येत नाही, त्यामुळे ती जाणीव आजूबाजूच्या गोष्टींवरून सिद्ध करावी लागते. परेराच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं होतं, आणि त्या फुटपाथवर मजूर झोपतात हे त्या भागात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असणारच, हे न्यायालयाने धरलं. या दोन गोष्टी कागदावर आल्या म्हणून ते कलम टिकलं.

लोकांना वाटतं वेग सिद्ध झाला की झालं. नाही होत. १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात (सतीश खटला म्हणून आम्ही सांगतो) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की 'गाडी खूप वेगात होती' एवढ्या साक्षीवर बेदरकारपणा सिद्ध होत नाही. खूप म्हणजे किती? रस्ता कसा होता, वर्दळ किती होती? साक्षीदार म्हणतो 'भरधाव', मी बचावाच्या बाजूने असलो तर उलटतपासणीत पहिलं तेच विचारतो: तुम्हाला गाडी चालवता येते का? वेग कसा मोजलात? निम्म्या वेळा साक्षीदार तिथेच गडबडतो.

आता सुसाट पाटलांच्या 'खिशा'बद्दल. पैसा लागतो हे खरं, पण तो बहुतेक वेळा न्यायाधीशाला लागत नाही. तो लागतो त्याच्या फार आधी. मयताच्या घरच्यांना 'समजून घ्या', साक्षीदाराला 'मला आठवत नाही', मग दोन्ही बाजूंच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायचा अर्ज. ३०४ अ तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही, तरी ही वाट आहे आणि लोक ती चालतात. सगळेच अर्ज मंजूर होतात असं नाही.

आणि शिक्षा झालीच तरी ती टिकवताना दमछाक होते. पंजाबच्या सौरभ बक्षी खटल्यात दोन माणसं गेली होती. उच्च न्यायालयाने शिक्षा २४ दिवसांवर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६ महिने केली आणि कायदे करणाऱ्यांनी ३०४ अ ची शिक्षा पुन्हा तपासावी असं निकालात लिहिलं. त्याआधी २००० मध्येच दलबीर सिंग खटल्यात सांगितलं होतं की अशा आरोपींना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा फायदा देऊ नका. खालच्या न्यायालयात यातलं किती पोचतं, ते आम्ही रोज बघतो.

---

आकडेमोडे

माहितीसाठी. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू. दिवसाला ४६० च्या वर. त्यात महाराष्ट्र १५ हजारांच्या पुढे.

आपण वर चर्चा करतोय ती तीन-चार आलिशान गाड्यांची. बाकीच्यांच्या एफआयआरची बातमीसुद्धा होत नाही.

---

खाकीतला_निवृत्त

डगलासाहेबांनी कोर्टातलं सांगितलं. मी त्याच्या आधीचं सांगतो, कारण अनवट यांच्या 'ठरतं कुठे'चं उत्तर तिथे आहे. पहिल्या चार-सहा तासांत.

रात्री अडीचला फोन येतो. पोलीस ठाण्यात ड्युटीवर माणसं मोजकी. घटनास्थळी गेल्यावर पहिलं काम जखमीला हलवणं. दुसरं, रस्ता मोकळा करणं, कारण मागे दोन किलोमीटर रांग लागलेली असते आणि वरून फोन सुरू होतात. क्रेन येते, गाड्या बाजूला होतात. झालं, अर्धा पुरावा गेला. टायर घासल्याच्या खुणा किती मीटर होत्या, कुठल्या लेनमध्ये सुरू झाल्या, काच कुठे सांडली होती, हे त्याच वेळी मोजलं तर वेग काढता येतो. सकाळी पंच मिळाल्यावर पंचनामा करायला गेलं की त्या खुणांवरून हजार गाड्या गेलेल्या असतात. मग पंचनाम्यात एक ठरलेलं वाक्य येतं, 'रस्ता डांबरी असून सरळ आहे'. तुम्ही कुठलाही पंचनामा काढा, हे वाक्य सापडेल.

मग दारू. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर ढोबळमानाने तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. पुण्यात अपघात झाला रात्री अडीचच्या सुमारास आणि ससूनमध्ये रक्त घेतलं सकाळी अकराला. करा हिशोब. साडेआठ तासांत सव्वाशे मिलिग्रॅम असंच उतरतं. म्हणजे चार-पाच पेग घेतलेला माणूसही कागदावर कोरडा निघू शकतो. तिथे तर पुढे नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टर अटकेत गेले. औंधला घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून ते उघड झालं. ज्याला दुसरा नमुना घ्यायची बुद्धी झाली त्याचं मी कौतुक करतो. खात्यात सगळेच विकाऊ नसतात हो.

मोटार वाहन कायद्यात दारूच्या गुन्ह्यात अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी करायची अट आहे. किती जणांना माहीत आहे?

तिसरी गोष्ट सीटची. मोठ्या घरची गाडी असली की ड्रायव्हर अचानक उगवतो. 'मीच चालवत होतो साहेब.' पुण्यातही घरच्या ड्रायव्हरवर ढकलायचा प्रयत्न झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. सलमानच्या खटल्यात तर २०१५ मध्ये, तेरा वर्षांनी, घरचा ड्रायव्हर साक्षीला उभा राहून म्हणाला की गाडी माझ्याकडे होती. याला उत्तर एकच. सीट किती मागे सरकवलेली होती, एअरबॅगवर कुणाचं रक्त-थुंकी, पट्ट्याचा वळ कुणाच्या कुठल्या खांद्यावर, मोबाईल कुठे होता. उजव्या खांद्यावर वळ असेल तर माणूस ड्रायव्हरच्या सीटवर होता, डाव्यावर असेल तर शेजारी. हे त्याच रात्री पाहिलं तर पाहिलं.

आणि सीसीटीव्ही. हॉटेलचा, सोसायटीचा डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून नवं चढवतो. आरोपपत्राच्या वेळी आठवण आली तर काय उपयोग.

तेव्हा २ वर्षं की १० हा वाद विधानसभेत घाला. ठाण्यात मोजपट्टी, कॅमेरा, श्वास तपासायचं यंत्र आणि रात्री दोन जास्तीची माणसं द्या. निम्मे आरोपी तिथेच अडकतील.

---

घाटमाथा_ट्रान्सपोर्ट

आमची पण बाजू लिहितो. कराडला आमच्या गाड्या आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हा तुम्ही सगळे पेट्रोल पंपांवर रांगा लावून आम्हाला शिव्या देत होता. का सोडलं ते किती जणांनी वाचलं? १०६ चं पोटकलम (२). अपघात करून पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला तर १० वर्षं. ऐकायला बरोबर वाटतं. पण महिना वीस-पंचवीस हजारावर काम करणारा माझा ड्रायव्हर थांबला तर जमाव त्याला उतरवतो. चूक कुणाची हे विचारत नाही. दुचाकीवाला उलट्या दिशेने आला असला तरी मोठी गाडी दोषी, हा आपला अलिखित कायदा. ट्रक पेटवल्याचे फोटो तुम्हीच व्हॉट्सॲपवर फिरवता.

सरकारने चर्चेनंतरच लागू करू असं सांगितलं आणि ते पोटकलम बाजूला ठेवलं. न्याय संहिता लागू झाली तेव्हाही ते वगळूनच झाली.

---

रानवारा

म्हणजे पळून जायला परवानगी?

---

घाटमाथा_ट्रान्सपोर्ट

नाही ओ. मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय, जमाव दिसला तर गाडी तिथेच सोड, पुढच्या पोलीस चौकीत जाऊन उभा राहा आणि मला फोन कर.

---

काळा_डगला

घाटमाथा, तुम्ही पोरांना सांगितलंय ते कायद्याला धरूनच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाचा. जखमीला दवाखान्यात पोचवणं चालकाचं कर्तव्य आहे, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे, हे कलमातच लिहिलंय. मात्र पोलिसांना कळवायला हवं. पळणं आणि चौकीत जाऊन हजर होणं यात कायदा फरक करतो.

माझं मत विचाराल तर (२) पूर्ण गुंडाळून ठेवणं चूक झाली. मार खायच्या भीतीने चौकीत जाणारा आणि दारू उतरेपर्यंत दोन दिवस गायब होणारा, दोघांना वेगळं काढणारी दुरुस्ती करून लागू करता आलं असतं. आज काय होतं? पिऊन ठोकणाऱ्याला पळण्यातच फायदा आहे. थांबला तर रक्तात दारू सापडून १०५ लागायची भीती, पळाला तर दारूचा पुरावाच नाही. वरळीचा आरोपी ७ जुलै २०२४ च्या पहाटे अपघातानंतर निघून गेला आणि सापडला दोन दिवसांनी. तिथे बाईंना फरफटत नेल्याचा आरोप आहे, म्हणून दारूच्या अहवालावाचूनही १०५ लागलं आणि जामीन नाकारला गेला. फरफटत नेलं नसतं तर? विचार करा.

---

टेम्सकाठी

इथली, म्हणजे इंग्लंडातली पद्धत सांगते. भारत-परदेश तुलना करून खिजवायचा हेतू नाही, आधीच सांगते!

इथे मधली पायरी आहे. बेफिकिरीने गाडी चालवून मृत्यू घडवला तर कमाल ५ वर्षं. धोकादायक गाडी चालवून घडवला तर पूर्वी १४ वर्षं होती, जून २०२२ पासून कमाल जन्मठेप. दारू-अमली पदार्थ घेऊन बेफिकिरीने चालवून मृत्यू घडवला तरी तसंच. म्हणजे 'मारायची जाणीव होती का' हा प्रश्न सिद्ध करत बसावं लागत नाही. सावध चालकाच्या तुलनेत याचं चालवणं किती खालच्या दर्जाचं होतं, एवढंच पाहायचं. ती तुलना मोजता येते: वेग, लाल सिग्नल, मोबाईल, दारू. शिवाय न्यायाधीशाला शिक्षेचा तक्ता दिलेला असतो, कुठल्या पातळीला किती वर्षांपासून सुरुवात करायची. धोकादायक चालवण्यातून मृत्यू झाला असेल तर लायसन्स किमान ५ वर्षं जातं.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा गेला तेव्हा पोलिसांनी त्यांच्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमला होता. तपास कुठवर आला, कोर्टाची तारीख कधी, सगळं तोच घरी येऊन सांगायचा. त्या बाईंना एकदाही पोलीस स्टेशनात ताटकळावं लागलं नाही. मला कायद्यापेक्षा त्याचाच हेवा वाटला.

---

अनवट

टेम्सकाठी, मधली पायरी नसणं हीच आपली अडचण दिसते. ५ वर्षं जामीनपात्र आणि १० वर्षं अजामीनपात्र यांच्यामध्ये काहीच नाही. त्यामुळे जनक्षोभ झाला की पोलीस १०५ लावतात, गर्दी पांगली की ते कोर्टात टिकत नाही. कुर्ल्याचंच बघा ना. ९ डिसेंबर २०२४, इलेक्ट्रिक बस बाजारात घुसली, कंत्राटी चालक, तशा बसचं प्रशिक्षण अपुरं असल्याची चर्चा. चालकावर लगेच १०५. ज्याला स्वयंचलित गिअरची १२ मीटर लांब बस अंगवळणी पडली आहे की नाही हे कुणी नीट तपासलं नाही, त्याच्याकडे 'जाणीव' होती आणि त्याला बस देणाऱ्यांकडे नव्हती?

निबंधाबद्दल रानवाऱ्याला उत्तर द्यायचं राहिलं. डगलासाहेब, अल्पवयीनाचं काय?

---

काळा_डगला

निबंध पुण्याच्या बाल न्याय मंडळाच्या आदेशात होता, कायद्यात नव्हता. पुढे राज्य सरकारने मंडळाचे ते दोन सदस्य काढले. पण मूळ गाठ वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही.

१६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर गुन्हा 'निर्घृण' गटातला लागतो, म्हणजे ज्याला किमान ७ वर्षं शिक्षा लिहिलेली आहे असा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा आहे, किमान सात नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा गुन्हा 'गंभीर' धरायचा, 'निर्घृण' नाही. योगायोग बघा, तो निकालही दिल्लीत मर्सिडीजने एका पादचाऱ्याला उडवणाऱ्या, अठरा व्हायला काही दिवस कमी असलेल्या मुलाच्याच प्रकरणातला होता. २०२१ मध्ये संसदेने दुरुस्ती करून तेच कायद्यात लिहिलं. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या मंडळाने पोलिसांचा अर्ज फेटाळला तेव्हा आम्हा वकिलांपैकी कुणाला धक्का बसला नाही. राग मंडळावर काढू नका, संसदेवर काढा.

त्यापेक्षा मला मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आपल्या संमतीवाचून गाडी नेली हे पालकाने सिद्ध करायचं. दहावीतल्या पोराच्या हातात स्कूटर देणारे, क्लासला सोडायला वेळ नाही म्हणणारे इथे बरेच असतील.

---

सुसाट_पाटील

😶

---

मृद्गंध

सगळं वाचतेय. एरवी लिहिलं नसतं.

माझा धाकटा भाऊ मागच्या पावसाळ्यात गेला. पुणे-नाशिक रस्त्यावर, बाईकवर होता, मागून टेम्पोने उडवलं. २८ वर्षांचा. हेल्मेट होतं. टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी आमच्यासमोरच जामिनावर बाहेर आला, पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता. मला त्याचा राग आला आणि तेवढीच कीवही, कारण त्याच्या पायात चप्पल नव्हती. टेम्पोचा मालक मात्र आजतागायत दिसला नाही.

खटल्याचं आम्हाला कुणी काही कळवत नाही. फोन केला की 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. टेम्सकाठी, तुमचा परिच्छेद वाचून उठून आत गेले.

मला विचारायचंय ते नुकसानभरपाईचं. एक एजंट घरी येऊन गेला, म्हणाला सह्या करा, मिळेल त्यातले ३० टक्के माझे. विमा कंपनीचा माणूस म्हणतो चालकाचं लायसन्स संपलेलं होतं, त्यामुळे काही मिळणार नाही. आई लातूरला असते, तिला पुण्याला हेलपाटे झेपणार नाहीत. भाऊ अविवाहित होता, महिना २५ हजार पगार, कंत्राटी नोकरी. काय करायचं?

---

खाकीतला_निवृत्त

ताई, वाईट वाटलं. एजंटला दारातूनच परत पाठवा. कुठल्याही कोऱ्या कागदावर सही नको.

पोलिसांचं सांगतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा प्राधिकरणाकडे पाठवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची आहे. तुमचे हक्क सांगणारा फॉर्मही त्यानेच तुम्हाला द्यायचा असतो. दिला नसेल तर पोलीस अधीक्षकांच्या नावाने लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की साहेब बंदोबस्तालाच असतात. अर्जावर आवक नंबर पडला की परत येतात.

---

शिंपले

मृद्गंध, 🙏

अवांतर: खड्ड्यामुळे मेला तर कोण दोषी? आमच्या इथे दर पावसाळ्यात एक जातो आणि गुन्हा मेलेल्यावरच दाखल होतो, 'स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत' म्हणून.

---

काळा_डगला

शिंपले, २०१९ च्या दुरुस्तीत १९८ अ आहे, सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला आणि यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख द्यायचा आदेश दिलाय. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मृद्गंध, तुमचं एकेक घेतो.

लायसन्सचं: 'काही मिळणार नाही' हे साफ खोटं. गाडीचा विमा चालू असेल तर त्रयस्थाला पैसे द्यायची जबाबदारी कंपनीची. लायसन्स नसल्याचा मुद्दा तिच्या आणि मालकाच्या मधला आहे. प्राधिकरण 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून हे चालत आलंय. कंपनीचा माणूस तुम्हाला हे सांगणार नाही, तो कमी रकमेत मिटवायला आला होता.

रकमेचं: हिशोब ठरलेला आहे, त्यात एजंटची करामत काही नसते. पगार वर्षाला ३ लाख. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, ४ लाख २० हजार. अविवाहित होता म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, राहिले २ लाख १० हजार. २६ ते ३० वयाला गुणक १७. झाले ३५ लाख ७० हजार. त्यावर अंत्यविधी, आईला मुलाच्या सहवासाला मुकावं लागलं त्याची ठरलेली रक्कम, आणि अर्ज केल्या तारखेपासून व्याज. पगार सिद्ध करणं सगळ्यात महत्त्वाचं. कंत्राटदाराने रोखीत दिला असेल तर बँकेतल्या भरण्याच्या नोंदी, मेसेज, सोबत्यांची साक्ष, जे मिळेल ते जमवा. टेम्पोवाल्याने 'बाईक अचानक आडवी आली' असा बचाव घेतला तर काही टक्के कापले जातील, म्हणून घटनास्थळाचा नकाशा आधी हातात घ्या.

मुदतीचं: १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर ६ महिन्यांत अर्ज करायची अट आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी प्राधिकरणाला पाठवलेला अहवालही अर्ज म्हणून धरला जातो, म्हणून निवृत्तसाहेबांनी सांगितलेला तो लेखी अर्ज आजच टाका.

फौजदारी खटल्याचा याच्याशी संबंध जोडू नका. टेम्पोवाला तिथे सुटला तरी दावा बुडत नाही. इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, कुठली बाजू जास्त शक्य वाटते एवढं पुरतं.

---

मृद्गंध

धन्यवाद, दादा. एजंटने भावाची मूळ सॅलरी स्लिप नेलीय, ती उद्याच मागून घेते. आणि लातूरचं? अपघात पुणे जिल्ह्यात, टेम्पो नाशिकचा.

---

काळा_डगला

लातूरला दाखल करता येईल. कायद्यात तीन पर्याय आहेत: अपघात झाला तिथलं प्राधिकरण, वारस राहतात तिथलं किंवा प्रतिवादी राहतो तिथलं. निवड तुमची. आईचं आधार कार्ड लातूरच्या पत्त्याचं असू द्या.

कागद: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, टेम्पोचं आरसी आणि विमा पॉलिसी, चालकाच्या लायसन्सची प्रत, आरटीओ निरीक्षकाचा गाडी तपासणी अहवाल, भावाचा शाळा सोडल्याचा दाखला, पगाराचे पुरावे, आईचं पासबुक. ज्यावर सही-शिक्का लागतो ते साक्षांकित करून घ्या. वकिलाची फी आधी लेखी ठरवा, टक्केवारीत नको. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. काही अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.